ब्रामरांचं काटेरी कुंपण

ते साल १९७१. जर्मनीतल्या ल्युनेबुर्गच्या माळरानावर हेदरचं जांभळं झुडूप फुलायला अजून अवकाश होता, पण विल्केन ब्रामर यांनी गावात दोन गोष्टी आधीच जाहीर करून टाकल्या होत्या. पहिली, आपल्या अभयारण्यातून खाटीक पक्षी कायमचा गेला. "मी इथला राखणदार आहे. माझ्या नजरेतून चिमणीसुद्धा सुटत नाही!" आणि दुसरी, यंदा हेदर फुललं की शेजारच्या गेशे हार्म्स यांना लग्नाची मागणी घालणार. ही दुसरी गोष्ट गेशेबाई सोडून सगळ्या गावाला ठाऊक होती.

ते विधुर, त्या विधवा. रविवारी गेशेबाईंच्या हातचा बकव्हीटच्या पिठाचा केक खाताना ब्रामरांचा चेहरा उन्हात पसरलेल्या मांजरासारखा होई. पण गेशेबाईंना फाटकाची कडी लावायची सवय नव्हती. मे महिन्यात माळावरच्या मेंढ्या त्यांच्या अंगणातून घुसल्या आणि ब्रामरांचा सगळा कोबी फस्त करून गेल्या! संतापलेल्या ब्रामरांनी दोन्ही बागांच्या मधोमध काटेरी तार ठोकली.

"अहो, तुमच्या बागेतून माझ्या मधमाश्यांच्या पेट्यांकडे जायची वाट बंद झाली!"

"तुम्ही कडी लावा, मी तार काढतो!"

"आधी तार काढा, मग कडीचं बघू!"

केक बंद झाला.

पुढे एका सकाळी ब्रामर तारेपाशी गेले आणि थिजलेच. एका काट्यावर उंदराचं पिल्लू टोचलेलं. शेजारी एक सरडा, वाळत घातलेल्या मोज्यासारखा लोंबत!

"गेशेबाई!" ते गरजले. "लाज नाही वाटत? धमक्या देता?"

गेशेबाई तारेच्या पलीकडून तरातरा आल्या. "मी? आणि हे काय आहे? माझ्या माश्या! एकेकीला सुळावर चढवलंत!"

"मी मधमाशीला हात लावीन? मी राखणदार आहे!"

"म्हणूनच! माळावर मारता येत नाही, म्हणून घरी येऊन मारता!"

आयुष्यात कुणी एवढा अपमान केला नव्हता. चोर रंगेहाथ पकडायचाच, म्हणून ब्रामर घेवड्याच्या वेलाआड दुर्बीण घेऊन बसले. दुर्बीण रोखली गेशेबाईंच्या स्वयंपाकघरावर. एक तांबूस पाठीचं पाखरू सारखं मध्येच तारेवर येऊन बसे.

"हट्! नेमकं आत्ताच यायचंय तुला?" ब्रामर खेकसत.

इकडे गेशेबाईंनी खिडकीतून ती दुर्बीण पाहिली. त्यांनी पडदा ओढला, टोपी घातली आणि थेट अभयारण्याच्या कार्यालयात तक्रार केली. माश्या मारतो, वर बायकांच्या खिडक्यांत डोकावतो!

चौकशीला खुद्द डॉक्टर झीफर्सबाई आल्या. पक्ष्यांच्या मोठ्या अभ्यासक, ब्रामरांच्या वरिष्ठ. राखणदाराची टोपी आता जाणार, हे बाईंच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"ब्रामर, हे खरं आहे?"

"साफ खोटं! तो उंदीर बघा, हा सरडा बघा! या बाईंची करणी!"

झीफर्सबाई तारेकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर बाजूच्या काटेरी झुडपातल्या घरट्यावर गेली.

"ब्रामर," त्या हळूच म्हणाल्या, "काट्यावर शिकार टोचून ठेवणारा पक्षी कोणता?"

"खाटीक! पोरालाही ठाऊक आहे. पण तो तर आपल्याकडून कायमचा..."

तारेवर डोळ्यांना काळी पट्टी बांधलेल्या चोरासारखा तोच तांबूस पाठीचा पक्षी येऊन बसला. चोचीत गेशेबाईंची माशी.

गेशेबाई इतक्या हसल्या की त्यांना तारेचाच आधार घ्यावा लागला, आणि काटा टोचला तरी हसू थांबेना. ब्रामरांची टोपी वाचली, अब्रू मात्र वाचली नाही.

हेदर फुललं तेव्हा ब्रामरांनी तारेवरूनच मागणी घातली.

"तार काढाल तर हो म्हणेन."

"काढता येत नाही हो! तिथं 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मीच लावलीय, खाटकासाठी वरून हुकूम आला."

गेशेबाईंनी तार तशीच ठेवून लग्न केलं आणि जन्मभर वळसा घालून माश्यांकडे गेल्या. झीफर्सबाईंनी त्या कुंपणावर ग्रंथ लिहिला, त्यात ब्रामरांचं नाव आलं ते जागेचे मालक म्हणून. आता ते नवराबायको दोघंही नाहीत. तार गंजून मध्येच तुटली आहे. खाटीक दर मे महिन्यात येतो. मेंढ्याही येतात. फाटकाला कडी अजून कुणी लावलेली नाही!