दोरीची एसटी

आमच्या मोहल्ल्यात दर रविवारी सकाळी एक एसटी येते. तिला चाकं नाहीत, इंजिन नाही, टप नाही आणि काच फुटायची भीतीही नाही. ती दोरीची आहे. एक लांबलचक दोरी, तिची दोन टोकं गाठ मारून जोडलेली. त्या कड्याच्या आत पंधरा-वीस पोरं दोरी धरून उभी. पुढे कुणीतरी तोंडानं घुर्रर्र करत ड्रायव्हर झालेलं. आणि सगळ्यात मागे, कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घातलेले, कमरपट्ट्याला सायकलची घंटी बांधलेले, सत्तरी ओलांडलेले शमुवेल काका. एक घंटी वाजली की गाडी थांबते, दोन वाजल्या की सुटते.

"दरवाज्यात उभे नका राहू बे, समोर सरका! जागा आहे!"

दोरीला दरवाजा कुठला, असं मी एकदा विचारलं होतं. "बाई, तुमाले दिसत नाई म्हनून का तो नाई?" असं म्हणून काकांनी मलाच बाजूला सरकवलं, कारण मी म्हणे दरवाज्यातच उभी होते.

काका आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. वर्धा-गिरड, वर्धा-आर्वी, जिथं पाठवलं तिथं. रविवारची सन्डे स्कूल ही खरं तर त्यांच्या बायकोची, मार्थाबाईंची. पोरांना बायबलच्या गोष्टी सांगणं, गाणी शिकवणं, नाताळाच्या नाटकात मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल बांधणं, हे सगळं त्या बघायच्या. काका ड्युटीवर असायचे. ते रिटायर झाले आणि वर्षभरात मार्थाबाई गेल्या. आता पोरांचं कोण बघणार, असं पाळकसाहेबांनी चर्चमध्ये विचारलं, तेव्हा काका उभे राहिले. "मले गोष्टी सांगता येत नाई," ते म्हणाले, "पन पोट्टे आनून देतो. आननं-नेनं माहं काम आहे."

आणून दिले. पण पुढे गोष्ट सांगायला कुणी उभं राहीना, म्हणून तीही यांनीच सांगायला घेतली. आता आयुष्यभर एकच भाषा बोललेला माणूस दुसरी कुठून आणणार?

देवानं निनवेला पाठवलेल्या योनाची गोष्ट काका अशी सांगतात: "याच्या हातात तिकीट निनवेचं. आन् पठ्ठ्या बसला तार्शिशच्या गाडीत! मंग काय होईन? चुकीच्या गाडीत बसले त लगेच उतरा. लाजाचं नाई." महापुरात प्राणी वाचवणारं नोहाचं तारू म्हणजे आगाऊ आरक्षण, फक्त जोडीनं. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तर मी स्वतः खिडकीतून ऐकली आहे. "यरीहोचा रस्ता. घाट. मानूस मार खाऊन रस्त्यात पडला. पहिली गाडी आली, एक्स्प्रेस. थांबा नाई म्हने. दुसरी आली, तेही भन्नाट गेली. तिसरी खटारा! पन हात दाखवाची बी गरज नाई पडली, थांबली. आता सांगा, कोनती गाडी चांगली?" सगळी पोरं एका आवाजात ओरडली, "खटारा!"

आम्ही बौद्ध. आमची यशो पाच वर्षांची असताना गल्लीतल्या पोरांबरोबर त्या दोरीत शिरली आणि मग शिरतच राहिली. सकाळी काकांची गाडी, संध्याकाळी विहारात वंदना, आणि दोन्हीकडची गाणी आंघोळ करताना एकाच दमात. माझ्या नणंदेला ते खटकलं. मग मीही एकदा काकांना सरळ विचारलं, "काका, माझ्या पोरीचं नक्की काय करणार आहात?"

काकांना राग आला नाही. ते म्हणाले, "बाई, मी कंडक्टर. कोनी बसलं त बसवतो, पडू देत नाई, आन् घरी आनून सोडतो. कुटं जाचं ते पॅसेंजर मोठं झालं का सोता सांगते."

नणंदेला मी हेच सांगितलं. तिचाही मुलगा पुढच्या रविवारपासून दोरीत होता.

या गाडीचं भाडं मात्र जबर आहे. पैसे चालत नाहीत. दर पोरानं चढताना घरची एक बातमी द्यायची, आणि खरी. मग काका जुन्या कॅलेंडरचा कपटा पंचनं टोचून हातावर ठेवतात. पोरांना मजा, आमची मात्र दाणादाण! यशोच्या बाबांच्या वाढदिवसाला मी घरी केक केला, असं अख्ख्या गल्लीत सांगून झालं होतं. रविवारी काका फाटकाशी थांबले आणि मनापासून म्हणाले, "केक मस्त झालता म्हने. बेकरीवाल्याच्या हाताले चव आहे!" गल्लीत कुणाच्या घरी कुणाचं बिनसलं, कुणाची गॅसची टाकी संपली, कुणाची सासू रुसून पवनारला लेकीकडे गेली, काकांना सगळं ठाऊक. पण ते इकडचं तिकडे करत नाहीत. ऐकतात फक्त. आणि ऐकताना तोंड असं उघडं राहतं, जसं काही जगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आर्यनच्या घरी काल पोह्यात मीठ जास्त झालं.

काकांचं घर ते चर्च हे अंतर दोन गल्ल्यांचं. पण गाडी हापशी, पिठाची गिरणी, विहार, पुन्हा गिरणी अशी मोहल्ला घुसळत जाते. परतताना प्रत्येक पोराला थेट दाराशी सोडायचं, कोपऱ्यावर नाही. शेवटचं पोर उतरलं की काका रिकाम्या कड्यात एकटेच उभे राहतात, स्वतःच दोन घंट्या देतात आणि निघतात. मी हसायची. "रिकामी गाडी डेपोत तर न्यावाच लागते ना," असं ते म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात ही एसटी बंद पडली.

झालं असं की मे महिन्यात चर्चची उन्हाळी बायबल शाळा भरते. रोज सकाळी, ऊन तापायच्या आत. ती सुरू व्हायच्या तोंडावर काका नालीवरच्या हलत्या फरशीवरून घसरले आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी चालणं बंद केलं. पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी काळजीपोटीच सांगितलं, "काका, तुम्ही आराम करा. पोरं आपापल्या आई-बापासोबत येतील. नाहीतरी आता वय झालं, हे दोरीचं कायमचं थांबवा."

मी आलू-वांग्याचा डबा घेऊन काकांकडे गेले. काका खाटेवर पाय लांब करून बसले होते. अंगात बनियन. खाकी शर्टाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते मला एकदम लहान वाटले.

"फेरी रद्द," ते म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी खाटेखालून दोरीची गुंडाळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "घेऊन जा बाई. शेवया वाळवाले कामी येईन."

दोरी हातात घेतल्यावर लक्षात आलं, ती एक दोरी नव्हतीच. पोरं वाढली तसे तिला तुकडे जोडलेले. कुठे बैलाचा कासरा, कुठे नायलॉन, कुठे पाळण्याची दोरी. पण सगळ्यात जुना, मधला लांब तुकडा मऊ झालेल्या सुताचा होता. "हा कुठला?" मी विचारलं.

काकांनी अंगणाकडे बोट केलं. भिंतीला या टोकाला एक हूक, त्या टोकाला एक हूक, आणि मध्ये काहीच नाही. कोपऱ्यात पेरूच्या झाडाला हातभर सुतळी बांधलेली. तिच्यावर एक टॉवेल आणि एक लुंगी.

"वाळवनाची होती. मार्थाच्या साड्या, चादरी, माहे खाकी कपडे. पुरत नोती, रोज कटकट करे ते. मंग ते गेली." काका डब्याचं झाकण उघडत म्हणाले, "एका मानसाच्या कपड्याले येवढी दोरी कायले लागते? म्हटलं, पोट्ट्याईच्या कामी येईन."

भाजीत तिखट जास्त झालंय असं काहीतरी बोलून मी दोरी काखेत मारून घरी आले. येताना मात्र डोक्यात सगळं लख्ख झालं. ती मोहल्ला घुसळणारी गाडी, ते दारोदार सोडणं, ते घरोघरच्या बातम्यांना उघडं पडणारं तोंड. या माणसाला गाडी चालवायची हौस नव्हती. याला घरी जाऊन कुलूप उघडायचं नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि नवऱ्याला कांदा चिरतेय असं सांगितलं.

यशोनं दोरी पाहिली. "ही आपल्याकडे काऊन आली?" तिनं विचारलं आणि मी सगळं सांगितलं. चूक म्हणा की शहाणपण, पण ज्या पोरांना दर आठवड्याला घरची बातमी द्यायची सवय, त्यांच्या हाती बातमी दिली की ती संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गलका. बाहेर येऊन बघते, तर वनिताची भाजीची हातगाडी. वनिता संध्याकाळी बाजारात वांगी-मेथी विकते, सकाळी गाडी मोकळी असते. तिच्या लेकीनं, पायलनं, गाडीवर गोणपाट अंथरलं होतं आणि फळीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: वाहक. गाडीभोवती दोरी, दोरीत अख्खी गल्ली. "काकू, तुमी ढकला. माही आई एकटीनं थकन," पायलनं मला हुकूम सोडला. मी गाउनवर ओढणी टाकली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कचेरीत नोकरी करणारी मी हातगाडी ढकलायला लागले.

काका दारात आले आणि चिडलेच. "मी काय कोबी आहो का बे?"

"काका, कंडक्टरची सीट आहे," पायल म्हणाली. "वाचा नं, लिहिलं आहे."

कंडक्टरची सीट रिकामी ठेवून गाडी सोडता येत नाही, हा नियम काकांनीच शिकवलेला. ते आत गेले, खाकी शर्ट घालून आले, मी आणि वनितानं आधार देऊन त्यांना वर बसवलं.

"भाडं?" पायलनं हात पुढे केला. "घरची एक बातमी."

पोरं हसली. काकाही हसायला गेले, पण जमलं नाही. त्यांनी एकदा मागे बंद दाराकडे पाहिलं. "माह्या घरी कायची बातमी राहीन बेटा," ते म्हणाले.

मग पायलनंच निकाल दिला, "बरं, उद्या देजा." आणि दोन घंट्या वाजल्या.

त्या दिवशी गोष्ट होती जक्कयाची. बुटका माणूस, गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढून बसला. "टपावर बसला बे हा! टपावर बसू नये. आन् येशू थांबला. इतके लोक, पन थांबला त याच्याखाली. म्हने, जक्कया, लवकर खाली उतर, आज तुह्या घरी येतो." इथं काका दरवेळी जरा थांबतात. मला वाटायचं, पाणी प्यायला.

परतीच्या वाटेवर मी सवयीनं गाडी हापशीकडे वळवली, तर यशो ओरडली, "तिकडं नाही! पहिला स्टॉप काकांचा!"

"माहा शेवटी असते," काका म्हणाले. "पहिले पॅसेंजर."

ऐकतो कोण? गाडी थेट काकांच्या दाराशी थांबली आणि सगळी पोरं हातगाडीभोवती गोळा होऊन एकसाथ ओरडली, "जक्कया, लवकर खाली उतर! आज तुह्या घरी येतो!"

काकांनी किल्ली काढली. ती कुलपाला लागेचना. मागे पोरांची ढकलाढकली, "समोर सरका, जागा आहे!" दार उघडलं आणि गाडीच्या गाडी आत घुसली.

पुढचं सांगायला नको. माठ रिकामा झाला. मग कुणाला तरी अंगणातला नळ आणि कूलर भरायची नळी सापडली. काका "पानी वाया नका घालवू बे!" असं ओरडेपर्यंत सगळी पोरं नखशिखान्त ओली, वनिता ओली, आणि मीही. काका लंगडत उठले. त्यांनी दोरीची गाठ सोडली, या हुकापासून त्या हुकापर्यंत ती ताणून बांधली, आणि एकेक शर्ट, फ्रॉक, बनियन पिळून टाकायला लागले. दोरी भरली. चार-पाच शर्ट हातात तसेच राहिले. तासभर गाडी जागची हलली नाही, कारण गाडीच वाळत होती. मला कचेरीत उशीर झाला. एवढी लेट झालेली गाडी आणि एवढा खूश कंडक्टर मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी दाराशी लागली, तेव्हा काका शर्ट घालून पायरीवर तयारच बसले होते. पायल काही विचारायच्या आत त्यांनी बोट वर केलं.

"घे भाडं," ते म्हणाले. "काल आमच्या घरी दोरी पुरली नाई."