अस्वलाचा बंदोबस्त

रविवारी सकाळी मॅक्सीन ट्रॉम्बली पॅनकेकचं पीठ कालवायला स्वयंपाकघरात आली, तर टेबलावर भांडं ठेवायला वीतभर जागा नव्हती. तिच्या नवऱ्याने तिथे दुकान मांडलं होतं. बुटांना बांधायचे घुंगरांचे पट्टे, बोटीवर वाजवतात तसला भोंगा, तिखट मिरचीच्या फवाऱ्याचा लाल डबा, आणि मधोमध जाड काळ्या प्लॅस्टिकचं एक छोटं पिंप. एल्वूड चष्मा कपाळावर चढवून एकेका वस्तूवरचा मजकूर वाचत होता आणि गंभीरपणे मान हलवत होता.

"आपण दोन दिवस डोंगरात जातोय की लढाईवर?" मॅक्सीनने विचारलं.

"यंदा अस्वलं फार झालीत म्हणतात."

"दर वर्षीच म्हणतात," असं म्हणून तिने कोपराने घुंगरं बाजूला सारली, भांडं पिंपावर ठेवलं आणि त्यात अंडी फोडायला लागली.

आता एल्वूड अस्वलाचं एवढं मनावर का घेत होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तीसेक वर्षांपूर्वी, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, दोघं अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांतल्या जंगलात एका तळ्याकाठी मुक्कामाला गेली होती. संध्याकाळी बेकनच्या वासावर एक काळं अस्वल आलं. मॅक्सीनने तव्यावर पळी बडवून बडवून त्याला हाकललं, आणि मग नवरा कुठे आहे म्हणून शोधू लागली. नवरा जवळच्या बर्चच्या झाडावर होता. एकटाच. अस्वल माणसापेक्षा भरभर झाडावर चढतं हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं. नंतर ते त्याला ज्याने त्याने सांगितलं.

तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापून झाली की कोणी तरी म्हणायचं, मॅक्सीन, ती झाडाची गोष्ट सांग. मॅक्सीनच्या मनात काही वाईट नसायचं, पण बाईला नकला फार छान जमत. झाडावरून आलेला तो बारीक आवाज, "मॅक्सी, गेलं का गं?", तिने काढला की लोक खुर्चीवरून घसरायचे. तिचा धाकटा भाऊ रेजी तर नाताळला भेटही त्याच बेताने द्यायचा. एकदा दोरी दिली, एकदा शिडी, एकदा तर बर्चचं रोप आणून अंगणात लावलं. म्हणाला, "दाजी, मोठं होईपर्यंत दम धरा."

एल्वूड सगळ्यांबरोबर हसायचा. पण त्याला ते लागायचं, फार लागायचं. त्याने जन्मभर शाळेची बस चालवली होती. आरशातून नुसती नजर टाकली की मागची पोरं चिडीचूप व्हायची. अशा माणसाची वर्षभराची पत एका जेवणात धुळीला मिळायची. त्यामुळे यंदा मॅक्सीन आपणहून म्हणाली, "चल, जूनमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला त्याच तळ्यावर जाऊ," तेव्हा तो आधी धास्तावला, आणि लगोलग त्याला हुरूपही आला. त्याला दुसरं काही नको होतं. या खेपेला जमिनीवर राहायचं होतं.

मग सल्ले सुरू झाले. केस कापणाऱ्याने घुंगरं सांगितली, म्हणजे अस्वल आधीच दूर जातं. शेजारी म्हणाला, घुंगरांनी त्याला एवढंच कळतं की जेवण तयार आहे. रेजीने आपली बंदूक देऊ केली. झाडावरून नेम चांगला लागतो, हेही सांगायला विसरला नाही. मॅक्सीनने बंदुकीला साफ नकार दिला. तिच्या मते एल्वूडच्या हातात बंदूक असली तर अस्वल तेवढं सुखरूप राहील.

शेवटी एल्वूड बर्निसच्या दुकानात गेला. डोंगरात जाणाऱ्यांचं सामान विकता विकता म्हातारी झालेली बाई ती. तिने पिंप पुढे केलं. खाणं याच्यातच ठेवायचं, त्या भागात तसा नियमच आहे, अस्वलाला हे उघडत नाही. बाकी जे काय घ्यायचं ते आपल्या मनाच्या समाधानासाठी, असं तिने स्पष्ट सांगितलं.

"आणि समोर आलंच तर पळू नकोस बाबा," ती म्हणाली. "ताठ उभा राहा आणि मोठ्याने रागव. बसमधल्या पोरांना रागवायचास तसा."

एल्वूडला ते पटलं, पण स्वतःच्या जिभेचा भरवसा वाटेना. मागच्या वेळी ती टाळ्याला चिकटली होती. म्हणून त्याने फवाराही घेतला. तो कसा वापरायचा हे बर्निस सांगायला लागली, तर त्याने तिला हाताने थांबवलं. फवारा मारायला त्याला शिकवायचं? त्या डोंगरात मे आणि जून म्हणजे चावऱ्या काळ्या माश्यांचे दिवस. चावून रक्त काढतात मेल्या. टोपीला, कॉलरला, बुटांना माश्यांचा फवारा मारल्याशिवाय कोणी अंगणातसुद्धा उतरत नाही. एल्वूडचा जन्म त्यात गेला होता.

निघायच्या आदल्या दिवशी रेजी सामान बघायला आला. त्याच्या घरी भिंतीवर एका अस्वलाचं अख्खं कातडं टांगलेलं होतं, काचेच्या डोळ्यांसकट. "एखाद्या संध्याकाळी तेच पांघरून येतो तिकडे," तो म्हणाला. "बघू तरी, दाजी यंदा कोणत्या फांदीवर बसतात." मॅक्सीनने त्याला दटावलं, पण दटावता दटावता तिला हसू फुटलं. एल्वूडने ते हसू पाहिलं आणि पिशवीचे बंद आवळले.

बंदोबस्त वाटेतच ढासळायला लागला. घुंगरं इतकी वाजत होती की मैलभर गेल्यावर मॅक्सीन एका दगडावर बसली आणि म्हणाली, एक तर ही येतील नाही तर मी. घुंगरं पिशवीत गेली. पुढे चढणीवर पिंपाचा भार पिशवीतल्या भोंग्यावर पडला आणि तो जो बोंबलायला लागला तो आतला वायू संपल्यावरच थांबला. खालून माणसं धावत वर आली, कोण मरतंय ते बघायला. एल्वूडने सगळ्यांची माफी मागितली. एका बाईने त्याला पाणी पाजलं.

तळ्याकाठचं, मागच्या मुक्कामाचं ओंडक्यांचं खोपट अजून तसंच होतं, तीन भिंतींचं, पुढून उघडं, आत झोपायला फळी. बर्चही तिथेच होता, तळ्याकडे झुकलेला.

"हेच ना रे ते?" मॅक्सीनने विचारलं.

"तेव्हा बारीक होतं," एल्वूड म्हणाला.

जेवणाची वेळ झाली आणि पिंप उघडेना. दोन खटके एकदम दाबून झाकण फिरवायचं होतं, पण खटके पोलादासारखे घट्ट आणि बोटं चढणीने आखडलेली. पिंप अस्वलाला उघडू नये म्हणून केलेलं होतं, आणि अस्वल कोण, ट्रॉम्बली कोण, हे त्याला कळत नव्हतं. एल्वूडने ते गुडघ्यात धरलं, दगडावर आपटलं, शेवटी त्याच्यावर बसला. आत सँडविच होती, चीज होतं, मॅक्सीनने भाजलेला गोड ब्लूबेरी-पाय होता. ती सकाळपासून सफरचंदावर होती. तिने भांडं उचललं, पाणी आणते म्हणाली, आणि ती येईपर्यंत हे उघडलेलं असेल तर बरं, असंही म्हणाली.

एल्वूडने विचार केला, बायको चिडलीच आहे, निदान तिच्या सुरक्षिततेचं तरी बघू. त्याने लाल डबा काढला. खोपटाच्या खांबांना फवारा मारला, फळीला मारला, पिंपाला मारला, बूट काढून बुटांना मारला. मग सवयीने टोपी काढली आणि कॉलरकडे डबा वळवला. तेवढ्यात तळ्यावरून वारा आला.

ती बोंब भोंग्यापेक्षा मोठी होती. मॅक्सीन पळत आली, तर नवरा जमिनीवर बसून ढसाढसा रडत होता. डोळे मिटलेले, नाक टोमॅटोसारखं. तिने डबा पाहिला आणि सारं ओळखलं.

"अस्वलाला मारायचं असतं ते, एल्वूड."

"माश्यांचा फवारा आपण माश्यांना मारतो का?" तो रडत म्हणाला.

ती भांड्यामागून भांडी पाणी आणून त्याच्या डोळ्यांवर ओतत राहिली. ऊन उतरलं, खांबांवरचा फवारा वाळला, एल्वूडच्या पापण्या मात्र सुजून बंदच होत्या. चोळू नकोस, हलू नकोस, असं बजावून ती आणखी एकदा तळ्याकडे गेली.

ती गेली आणि थोड्या वेळाने एल्वूडला पावलं ऐकू आली. जड, सावकाश. मग धापा. मग खांब चाटल्याचा आवाज, लबलब, लबलब. पाठोपाठ ओल्या कुत्र्यासारखा वास. एल्वूडला क्षणभरही शंका आली नाही. रेजी चार पावलं चालला की असाच धापा टाकायचा, आणि त्याच्या घरातल्या त्या कातड्याला तर कित्येक वर्षं असाच कुबट वास येत होता.

तो उठला. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं.

"आलास?" तो म्हणाला. "लाज वाटते का थोडी तरी? दोरी दिलीस, हसलो. शिडी दिलीस, हसलो. माझं बर्फ काढायचं यंत्र नेलंस, गंजवून परत आणलंस, तेव्हासुद्धा हसलो. आणि आज इथे आलास? माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला?"

लबलब थांबली.

"मी तिला टाकून पळालो, माहितीय मला. रोज माहितीय. सकाळी उठलो की माहितीय. तू कशाला सांगायला हवंस? तेव्हा पळालो, आता नाही पळणार. बघतोस काय असा? काय चाटतोयस ते सोड आधी." इथे त्याचा बसमधला आवाज लागला. "मागे फिर. सरळ घरी जायचं. वाटेत कुठे थांबायचं नाही. आणि परत असा दिसलास तर मी तुझ्या आईला फोन करीन."

एवढं बोलून त्याने चाचपडत एक बूट उचलला आणि आवाजाच्या रोखाने फेकून मारला. तो कशावर तरी मऊ आपटला. "हुफ" असा आवाज आला, मग झुडपं मोडत पावलं लांब गेली. एल्वूड ताठ उभा राहिला. त्याला फार बरं वाटत होतं.

मग वरून, अगदी वरून, एक बारीक आवाज आला.

"एल्वूड, गेलं का रे?"

त्याने बोटांनी एक पापणी उघडली. बर्चवर, पाण्याकडे झुकलेल्या फांदीला, मॅक्सीन चारी हातापायांनी मिठी मारून बसली होती. भांड्याची कडी अजून तिच्या मनगटात होती.

"रेजी ना? गेला," तो म्हणाला.

"रेजी नव्हता रे तो."

एल्वूडने खाली चिखलात पाहिलं. ताटाएवढे पंजे उमटले होते, पुढे नखांच्या खुणा. तो मटकन फळीवर बसला. ती वरून त्याच्याकडे बघत होती आणि तो एका डोळ्याने तिच्याकडे.

"वर कशी गेलीस तू?" त्याने अखेर विचारलं.

"कोण जाणे. मी चढले नाही, एकदम वरच होते." मग जरा थांबून म्हणाली, "तुझंही तसंच झालं होतं का?"

एल्वूडने होकारार्थी मान हलवली.

तिला उतरवायला अस्वलाला हाकलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खाली आल्यावर तिने आपल्या गळ्यातल्या रुमालाने त्याचा चेहरा पुसला. "रोज?" ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, तू पण हसतोस. सांगायचं नाही का मला?" एल्वूडच्या डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे ते कशाचं हे सांगायची वेळ आली नाही. पिंप मात्र मॅक्सीनने रागाने एक लाथ घातली तेव्हा उघडलं, आणि दोघांनी ब्लूबेरी-पाय हातांनीच खाल्ला.

अस्वलाने जाताना तो बूट नेला होता. एल्वूड एका पायात बूट आणि दुसऱ्यात टॉवेल गुंडाळून डोंगर उतरला. नवे बूट घ्यायला गेला तेव्हा बर्निसने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. फवारा हवेत असतो तोवर अस्वल पळतं, वाळला की त्याला तो चटणीसारखा लागतो. "त्याचा बंदोबस्त नाही केलास बाबा तू," ती म्हणाली, "पंगत मांडलीस."

थँक्सगिव्हिंगला टर्की कापून झाली आणि रेजी खुर्चीत रेलून म्हणाला, "ताई, चल, झाडाची गोष्ट होऊ दे."

"ती आता जुनी झाली," मॅक्सीन म्हणाली. "नवी सांगते."

आणि तिने सांगितली. अस्वल कसं आलं, एल्वूड कसा ताठ उभा राहिला, कसं त्याला रागवून रागवून बूट फेकून हाकललं. आवाजही हुबेहूब काढला, बसमधला. सुजलेल्या डोळ्यांचं ती काही बोलली नाही, आणि तो कोणाला रागवत होता हेही तिने गाळलं. टेबलावर कोणी हसलं नाही. रेजीने काटा खाली ठेवला. दाजींकडे असं त्याने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"मग ताई, तू कुठे होतीस तेव्हा?" त्याने विचारलं.

मॅक्सीनचा हात पाण्याच्या पेल्याशी थांबला. एल्वूडने बटाट्यांचं भांडं ओढून घेतलं आणि मेहुण्याच्या ताटात एक मोठा डाव वाढला.

"कुठे म्हणजे? माझ्या शेजारी," तो म्हणाला. "जेव आता, गार होतंय."