खलाशाचं नाव कुणी पुसलं?

दुपारी दवाखाना बंद करून दातांचे डॉक्टर घरी आले, काचेच्या कपाटापाशी गेले आणि ओरडले, "अगं! नाव गेलं!"

"कुणाचं?" बायकोने भांडी पुसता पुसता विचारलं.

"माझ्या खलाशाचं!"

डॉक्टरांना साध्या होडीतसुद्धा मळमळायचं. पण ब्रिटिश आरमाराच्या जुन्या मोहिमांची पदकं जमवायचं वेड मात्र भारी. गल्लीत सगळे त्यांना ‘ॲडमिरल’च म्हणत. यातल्या प्रत्येक चांदीच्या पदकाच्या कडेवर, ज्याने ते मिळवलं त्या खलाशाचं नाव असतं. ते गेलं की पदकाची रयाच जाते. त्यांच्या सर्वांत लाडक्या पदकावर आता अक्षरांचे जेमतेम ओरखडे उरले होते.

"पॉलिश लावून घासलंय कुणीतरी!"

संशय आधी कामवाल्या बाईंवर गेला. "तुमचं काम तुम्हालाच लखलाभ," म्हणत त्या तरातरा निघून गेल्या. मग सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी पिशवी भरली नि धाकट्या लेकीचं घर गाठलं. आता उरली बायको.

"मग तूच घासलंस. तुला काय कळतंय त्यातलं!"

"मी फक्त काच पुसते," ती म्हणाली. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बोलणंच टाकलं. घर डॉक्टरांना खायला उठलं.

शेवटी पदक घेऊन ते जुन्या नाण्यांच्या दुकानात गेले. "हे बघा, पाहुण्यांना मी इथं नाव दाखवायचो. असं." अंगठा सवयीने कडेवरून फिरला. पुन्हा फिरला.

"साहेब, अंगठा आवरा," दुकानदार म्हणाला. "पॉलिशनं नाही, कौतुकानं झिजलंय हे. किती वर्षं कुरवाळताय?"

डॉक्टरांनी अंगठा झटकन मुठीत लपवला. येताना त्यांनी कामवाल्या बाईंपुढे हात जोडले, मेहुणीकडे जाऊन सासूबाईंपुढे कान पकडले. दोघी कशाबशा मानल्या. पण खरी माफी घरी मागायची होती, आणि ती निदान नावाने हाक मारून तरी मागावी! त्या परक्या खलाशाचं नाव रोज जिभेवर, आणि हिचं? लग्न झाल्यापासून सगळा कारभार ‘अगं’वरच चाललेला. चुकलंच आपलं, फार चुकलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

दारात उभं राहून त्यांनी घसा साफ केला आणि बायकोला तिच्या नावाने हाक मारली.

आतून तिचा आवाज आला, "कोण आहे? डॉक्टर घरात नाहीत हो!"