चष्म्यातून घेतलेलं माप

आईनं "चहा घेणार का?" विचारल्यावर जो मुलगा तिच्या कपाळापलीकडे बघत हवेत बोट फिरवतो, त्याच्या घरी प्रगती आली असं समजावं. आमच्या शिंपीकामाच्या दुकानात ती गेल्या महिन्यात आली. थोरल्यानं हुशार चष्मा घेतला. (हुशार तो चष्मा, गैरसमज नसावा.)

फायदे त्यानंच मला ऐकवले. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघितलं की छाती, कंबर, बाही काचेवर उमटते. फीत लागत नाही. शिवाय जाईल तिथली वाट दिसते.

"कुठली वाट रे? घरातून दुकानात यायला नऊ पायऱ्या उतराव्या लागतात तुला."

"आई, तुला नाही कळायचं."

हे वाक्य तो चष्म्याआधीही म्हणायचा, तेव्हा यंत्राला दोष देणं न्यायाचं नाही.

असली यंत्रं लोक घेतील की नाही, यावर म्हणे मोठमोठी माणसं वाद घालतात. मी चौथी शिकलेली, पण पाहणी मीही केली, पदराला गाठी मारून. आठवड्यात आलेली गिऱ्हाइकं एकोणीस. हा आपल्याकडेच बघतोय असं वाटलेली, एकोणीस. त्यानं खरोखर बघितलेली, चार. (पैकी तीन वेळा बॅटरी उतरली होती.)

अशात आमच्या गल्लीचे पोस्टमन निवृत्त व्हायला आले. तीस वर्षं टपालाची पिशवी डाव्या खांद्यावर, त्यामुळे तो खांदा दीड इंच उतरलेला. गल्लीतल्या कुत्र्यांनाही हे ठाऊक. बिचाऱ्यांची मागणी एकच: निरोपाच्या फोटोत जन्मात एकदा सरळ दिसायचं. म्हणजे कोटाच्या डाव्या खांद्यात भर घालायची. आमच्याकडे हे काम डोळे मिटून होतं. थोरल्यानं ते चष्मा घालून केलं.

चष्म्याला माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसावा लागतो. आमचं दुकान आठ फुटी. मागं सरकावं तर इस्त्री पाठीला लागते. मग थोरल्यानं डोकं चालवलं. पोस्टमनना आरशासमोर उभं केलं, स्वतः त्यांच्या मागं उभा राहिला आणि आरशातल्या पोस्टमनचं माप घेतलं. चष्म्याला आरसा म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं आज्ञाधारकपणे उजवा खांदा उतरलेला दाखवला आणि थोरल्यानं तितक्याच आज्ञाधारकपणे उजव्यात भर घातली.

पाचला समारंभ. तीनला पोस्टमननी कोट चढवला. उजवीकडे टेकडी, डावीकडे दरी.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मी आज सुटतोय ना? मग ही दुसरी पिशवी कुणाची?"

"चष्म्यात तर बरोबर दिसतंय," थोरला म्हणाला.

"मग फोटोवाल्यालाही एक चष्मा देता का?" पोस्टमननी विचारलं.

थोरल्याची बायको, आमची सूनबाई, मशीनवरून उठली. गळ्यातली फीत काढून पुढं आली. "काका, उभे राहा बरं." ते छाती काढून ताठ झाले. "असे नाही. रोज आमच्या दारात उभे राहता ना, तसे." खांदा आपोआप खाली आला. तिनं एकदा नीट बघितलं, माप घेतलं, उजवी शिवण उसवली, भर काढून डावीकडे घातली आणि पाचला वीस कमी असताना दोरा तोडला.

पोस्टमननी आरशात बघितलं. डाव्या खांद्यावरून हात फिरवला. "अरेच्चा, मी एवढा उंच होतो होय!" म्हणाले आणि धावतच निघाले.

थोरला काचा पुसत पुटपुटला, "म्हणजे हे चष्मे चालायचे नाहीत, असंच म्हणणार ना तू?"

"चालायचे नाहीत कसे? घरोघरी चालतील!" मी म्हटलं. "समोरच्या माणसाकडे बघायचं नसलं तर आजवर लोकांना मोबाइलमध्ये मान खाली घालून बसावं लागायचं. आता ताठ मानेनं जमेल. एवढी सोय नको म्हणणारं एक माणूस दाखव मला!"