आई आत गेलीय

सकाळी दहा वाजता शालन मागच्या दाराने बाहेर पडायची, घराला वळसा घालायची आणि पायात चपला, खांद्याला पर्स अशी पुढच्या दाराने आत यायची. आत तिचीच मुलं उभी राहून "नमस्ते, बाई" म्हणायची. धाकटा बाळ्या उभा राहत नसे, कारण तो अजून रांगत होता.

पर्स खांद्याला लागली की ती बाई. मग तिला आई म्हणायची सोय नाही. तीन वर्षांचा सोनू एकदा म्हणाला, "आई, भूक." उत्तर आलं, "आई आत गेलीय. आल्यावर सांग." पोराने भोकाड पसरलं, तेव्हा बाई स्वयंपाकघरात गेल्या, पर्स खुंटीला अडकवली आणि आई भाकरी घेऊन बाहेर आली. मी शेजारी. विरजण मागायला गेलो, तर मलाही तेच. "काका, शाळा चालू हाय. मधल्या सुट्टीत या, आई भेटंल." महाडच्या कोर्टात उभा जन्म कारकुनी केली, पण विरजणासाठी पुढची तारीख पहिल्यांदाच मिळाली.

हसलो मी, पण तिचं तरी काय चुकलं? मुलं उरली नाहीत म्हणून आमच्या वाडीतली शाळा बंद झाली. घरोघरची माणसं मुंबईला गेली, दारांवर कुलपं राहिली. दुसरी शाळा खाली कापडे गावात. एक पोर कडेवर, एक बोटाला, अशा अवस्थेत थोरल्या तनूला रोज डोंगर उतरून सोडायचं आणि परत आणायचं, हे एकट्या बाईने कसं करावं? म्हणून जूनमध्ये शालनने घरातच वर्ग काढला.

नवरा विलास मुंबईला नोकरीत. एकदा फोनवर म्हणाला, "इथली माझी ताई बोलते, पोरगी हुशार असंल तर इकडं पाठव, इंग्लिश स्कूलला घालू. पण आपली तनू ढ हाय. कशाला उगाच?" फोन स्पीकरवर होता. तनूने सगळं ऐकलं आणि मान खाली घातली.

"माझी पोर ढ नाय," शालन म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून मधली सुट्टी निम्मी झाली.

शिकवणं काही सोपं नव्हतं. चुलीकडे जाऊ नये म्हणून बाळ्याला जुन्या साडीच्या पट्टीने खांबाला बांधलेलं असे. तरी पाटी त्याच्या हाताला लागायचीच, आणि खडूची अक्षरं तो चाटून टाकायचा. "काका, आज ह्यानं अख्खी बाराखडी खाल्ली," शालन वैतागून सांगायची. मग तनूला सगळं पुन्हा लिहावं लागे. त्याच्या पोटात गेलेली बाराखडी हिच्या डोक्यात पक्की बसली.

शिमग्याला विलास घरी आला. देवाची पालखी दारी आली त्या दिवशी तनूने फरसाणाच्या पुडीचा कागद उलगडला आणि त्यावरची बातमी घडाघडा वाचून दाखवली. विलास बघतच राहिला.

"टॅलेंट हाय पोरीत! इथं वेस्ट होईल."

सण आटोपला आणि जाताना तो तनूला घेऊनच गेला. आम्ही कापड्यापर्यंत पोचवायला गेलो. एसटी सुटली तरी तनू खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होती. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत शालन हलली नाही.

परतीच्या चढावर ती मध्येच थांबली. बाळ्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"काका, पालखीच्या दिवशी मनात आलं व्हतं. तनूला सांगावं, बाबांसमोर वाचताना जरा अडखळ. मंग ऱ्हायली असती माझ्याजवळ."

"मग का नाही सांगितलंस गो?"

"ह्यांनी परत ढ म्हटलं असतं ना तिला."