अठ्ठावन्न किलोची बुर्गी

"बायकोची मापं मला तोंडपाठ आहेत!" असं पोल्डीने स्कीच्या दुकानात शिरताना स्वतःशीच छातीठोकपणे म्हटलं. आता असं समजून चालल्यावर दुसरं काय होणार?

पण त्याला घाई होती. सेंट जोसेफचा दिवस दहा दिवसांवर आला होता. एकेचाळीस वर्षं त्या दिवशी पोल्डी आणि त्याची बायको बुर्गी स्कीच्या तळाला चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या चिकटवून डोंगरावरच्या झोपडीपर्यंत चढून जायचे, सूप प्यायचे आणि घसरत खाली यायचे. यंदा मात्र बुर्गीने गुडघा चोळत जाहीर केलं होतं, "बास झालं. या ओंडक्यांसारख्या स्कींसकट मला नाही चढवत. देऊन टाकू चर्चच्या जुन्या बाजारात." पोल्डीला हे कसं चालणार? बुर्गीशिवाय तो डोंगर म्हणजे नुसती चढण!

म्हणून तो गुपचूप हलक्या स्की घ्यायला आला होता. दुकानातली आफ्रा म्हणजे बेकरीवाल्या झेन्झीची भाची. तिने दिलेली स्की पोल्डीने दोन बोटांवर तोलली. जुनीच्या निम्मंसुद्धा वजन नाही!

"कोणासाठी हवीय, पोल्डीकाका?"

"ते गुपित आहे. नाव लिहू नकोस."

"बरं. वजन?"

"अठ्ठावन्न किलो!"

हा आकडा त्याच्या डोक्यात कायमचा बसला होता. लग्नाआधी तो झोपडीला तारेवरून माल पोचवणाऱ्या पाळण्यावर कामाला होता. पाळण्यात माणसांना बंदी. एक दिवस लाल टोपीतली एक मुलगी आपल्या चीजच्या पेट्यांशेजारी वजनकाट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "मीही मालच आहे असं लिही ना!" काटा अठ्ठावन्नावर थांबला. पोल्डीने तिला पाळण्यात बसू दिलं नाही ते नाहीच, पण पाळणा बंद करून तिच्या पेट्या पाठीवर घेऊन तो तिच्याबरोबर वर चढत गेला. नोकरी जाता जाता राहिली.

"आणि वय?" आफ्राने विचारलं.

"वय कशाला हवंय? माझ्यापेक्षा तरुण आहे, एवढं लिही."

आफ्राची भुवई वर गेली. "बरं. तिचे बूट आणून द्या. पडल्यावर बूट वेळेवर सुटावा, म्हणून स्कीवरची पकड वजनाप्रमाणे लावावी लागते."

दुपारपर्यंत झेन्झीच्या बेकरीत पावाबरोबर बातमीही गरमागरम विकली जात होती. पोल्डी एका अठ्ठावन्न किलोच्या तरुण बाईसाठी स्की घेतोय! संध्याकाळी चर्चच्या गायनाच्या तालमीत बुर्गी आली, तेव्हा सगळ्या बायका तिच्याकडे अशा बघत होत्या, जणू घरात कोणी गेलंय.

"काय झालं गं?"

"काही नाही गं बाई," झेन्झी हळहळली. "तू जेवत जा नीट. खचू नकोस!" आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

बुर्गीचा विश्वास बसला नाही. पोल्डी आणि भानगड? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत! पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खिडकीतून पाहिलं. पोल्डी तिचे स्कीचे बूट कोटाखाली लपवून मागच्या दाराने पसार होत होता.

"माझे बूटसुद्धा तिला?" बुर्गी ॲप्रनवरच धावली.

दुकानात झेन्झी आधीच हजर होती, स्कीला लावायच्या मेणाची वडी घ्यायला म्हणे! बुर्गीने पोल्डीला काउंटरपाशी गाठलं.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"अठ्ठावन्न किलो!"

"कोण म्हणजे? तूच की!"

 आफ्राने फॉर्मकडे पाहिलं, मग बुर्गीकाकूंकडे, मग परत फॉर्मकडे.

"अरे मेल्या, रोज समोर बसून जेवतोस माझ्या. तुला काहीच दिसलं नाही?"

"नाही दिसलं," पोल्डी म्हणाला. खरंच दिसलं नव्हतं. त्याच्या लेखी ती अजून काट्यावरच उभी होती. बुर्गी लालबुंद झाली, ॲप्रनने डोळे पुसू लागली आणि डोळ्यात पीठ गेलं म्हणाली.

"काकू," आफ्रा हळूच म्हणाली, "खरं वजन सांगा बाई. नाहीतर वळणावळणाला बूट सुटेल."

बुर्गीने तिच्या कानात सांगितलं. झेन्झी इतकी पुढे वाकली की मेणासकट पडली! आफ्राने पहिली जोडी मुकाट्याने परत ठेवली आणि तिच्यापेक्षा बोटभर लांब अशी दुसरी काढली. तीही हलकीच होती.

सेंट जोसेफच्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. नव्या स्कीवर बुर्गी चढणीला अशी सुटली, की पोल्डीला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि नंतर तीही दिसेना. आपल्या जुन्या, जड स्की ओढत, दर दहा पावलांवर काठीवर रेलत तो शेवटच्या वळणावर पोचला. बुर्गी तिथे बसून सफरचंद खात होती.

"उद्या तुलाही हलकी जोडी घेऊ," ती म्हणाली. "वजन मी सांगेन."

"किती सांगशील?" पोल्डीने धापा टाकत, मोठ्या आशेने विचारलं.

"आहे तेवढं! मला सगळं दिसतं."

पोल्डीने फक्त पोट आत ओढलं.