चिंधीवर आलेला आळ

शिवणयंत्राचे चाक थांबले होते, आणि भिंतीवरच्या घड्याळाला स्वतःच्याच टिकटिकीची लाज वाटत असावी. खोलीच्या मध्यभागी खुर्चीत आप्पा बसले होते: गाल आत ओढलेले, ओठ घट्ट मिटलेले. हातातली काठी ते एकदा कुत्र्याच्या पिल्लाकडे, चिंधीकडे, रोखत आणि एकदा दाराकडे.

आप्पांची कवळी सकाळपासून डबीसकट नाहीशी झाली होती. दातांवाचून बोलणे त्यांच्या इभ्रतीला मानवणारे नव्हते. पण काठीचा अर्थ साऱ्यांना कळत होता. संध्याकाळपर्यंत दात सापडले नाहीत, तर हे नवे पिल्लू दूधवाल्याच्या गोठ्यात परत जाणार होते.

चिंधीने जांभई दिली. तिचे दात जागच्या जागी होते.

अशा क्षणी आप्पांच्या चिरंजीवांनी गळ्यातला टेप सावरला. जग त्यांना शिंपी म्हणून ओळखत होते, हे त्यांच्या मते जगाचे अज्ञान होते. मुळात ते गुप्तहेर होते. कपडे शिवणे हा केवळ मुखवटा. खांद्याच्या उतारावरून माणसाचा भूतकाळ आणि कोपराच्या झिजेवरून त्याचे भवितव्य वाचणारी नजर शतकातून एकदाच जन्माला येते, असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेताना सांगत. हात वर करून उभे असल्यामुळे गिऱ्हाइकाला पळताही येत नसे.

शिवाय हे प्रकरण त्यांच्या काळजाला भिडणारे होते. यंत्राच्या पायट्यावर ठेवलेल्या त्यांच्या पावलावर मान टाकून चिंधी झोपू लागल्यापासून यंत्र हळू चाले आणि शिवण सरळ येई.

"काळजी करू नकोस," ते बायकोच्या कानाशी म्हणाले. "हिला मी निर्दोष सोडवतो. फक्त मला तपास करू दे."

"तपासाचीच तर धास्ती आहे," बायको म्हणाली, आणि तिने चिंधीला पायाने हळूच स्वतःच्या मागे सरकवले.

"हे समोरच्या शिंप्याचं कारस्थान आहे. आप्पा दारात बसून त्याच्या शिलाईला नावं ठेवतात. आता ठेवून दाखवा म्हणावं!"

"अहो, तो गावाला गेलाय."

"बघ! फरार!"

"आठवडा झाला त्याला जाऊन."

"केवढी ही पूर्वतयारी!"

आप्पांची काठी जमिनीवर आपटली. गुप्तहेराने ताबडतोब गुडघे टेकले आणि खुर्चीखालून आप्पांची चप्पल ओढून काढली. तिचा अंगठा शहीद झाला होता.

"दातांचे ठसे!" ते हर्षभराने ओरडले. "म्हणजे नाहीसे झालेले दात या चपलेपर्यंत नक्की आले होते!"

"ते ठसे चिंधीचे आहेत," बायको दात-ओठ खात पुटपुटली. "हळू बोला ना. आप्पांनी अजून पाहिली नव्हती ती चप्पल."

आता आप्पांनी पाहिली.

बचावपक्षाची बाजू अशी हातोहात उसवत चालली, तरी गुप्तहेर डगमगले नाहीत. त्यांनी चिंधीला टेबलावर उभे केले, टेप तिच्या पोटाभोवती गुंडाळला आणि त्यांचा चेहरा पडला.

"घेर वाढलाय."

"आत्ता वाटीभर दूध प्यायलीय ती."

"आणि गिळली असेल तर?"

"डबीसकट?"

"घाईत असेल."

चिंधीने टेपचे टोक चावून तोडले. आप्पांची काठी दाराकडे वळली ती तिथेच थांबली. बायकोने चिंधीला उचलून पदराआड घेतले. आयुष्यात प्रथमच गुप्तहेरांपाशी एकही तर्क शिल्लक नव्हता, आणि खोली अचानक फार मोठी वाटू लागली.

तेवढ्यात त्याच दारातून वकीलसाहेब आत आले. त्यांच्या नव्या काळ्या कोटाची आज ट्रायल होती. कोणी काही सांगण्यापूर्वीच त्यांनी कोट अंगात चढवला आणि आरशासमोर कपाळाला आठ्या घातल्या.

"मास्तर, हा एका बाजूला का ओढतोय?"

"तुमचा डावा खांदा उतरता आहे," गुप्तहेर क्षीण स्वरात म्हणाले. "लहानपणी जड दप्तर वाहिलंत."

"मला तर खिसा जड लागतोय." वकीलसाहेबांनी खिशात हात घातला, डबी काढली, उघडली, आणि लगेच अंगापासून दूर धरली. आतून आप्पांची कवळी साऱ्या खोलीकडे पाहून मनमुराद हसत होती.

नव्या खिशाची खोली जोखायला हाताला लागेल ती वस्तू त्यात सोडून पाहायची, ही घरच्या गुप्तहेरांची जुनी पद्धत. सकाळी आप्पा चूळ भरायला गेले, तेव्हा हाताला लागली होती यंत्राच्या फळीवरची ही डबी. ती खिशात इतकी बेमालूम बसली, की ते स्वतःच्याच कारागिरीवर खूश होऊन काढायचे विसरले होते.

"मी म्हणत नव्हतो?" ते घसा खाकरून म्हणाले. "गुन्हेगार घरातलाच निघणार!"

"तुम्ही समोरचा म्हणाला होतात," बायको म्हणाली.

आप्पांनी डबी घेतली, पाठ फिरवली, दात बसवले. जबडा दोनदा वाजला. आता आप्पा बोलू शकत होते, आणि सगळे एकदम अदबीने उभे राहिले. बायकोने चिंधीला खाली ठेवले.

"आप्पा," मुलाने विचारले, आणि या वेळी त्याच्या आवाजात गुप्तहेर नव्हता, "मग राहू दे ना हिला?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिले, अंगठा गेलेल्या चपलेकडे पाहिले. मग ती चप्पल तशीच पायात सरकवून ते अंगणाकडे चालू लागले. चिंधीने धावत जाऊन त्यांच्या पायजम्याचा काठ दातांत पकडला. आप्पांनी पाय झटकला नाही. तिला फरफटायला होऊ नये इतपत चाल मंदावली, आणि काठी बगलेत मारून ते तिच्यासकट अंगणात उतरले.